पंप थांबतो, पण साखर कोण देणार?

आधी एक क्लिअर करते. मला टाइप वन डायबेटीस आहे, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तो, आठवीत असताना झाला, तेव्हापासून इन्सुलिन चालू आहे आणि आता चाळिशी जवळ आली. डायबेटीस म्हणलं की लोकांना शुगर वाढणं एवढंच माहीत असतं, त्यामुळे "काल रात्री शुगर चाळीसपर्यंत उतरली होती" असं सांगितलं की समोरचा म्हणतो अरे वा, कंट्रोलमध्ये आहे की. त्याला कसं सांगणार की वाढलेली शुगर बहुतेक वेळा वर्षानुवर्षं आतून पोखरत राहते, पण उतरलेली शुगर अर्ध्या तासात आडवं करते. ७० च्या खाली गेलं की लो धरतात, ५४ च्या खाली म्हणजे सिरियस, आणि तिसरी पायरी आकड्याची नाहीच, दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय त्यातून बाहेर येता येत नसेल तर ती सिव्हिअर, मग मीटरवर काहीही दिसो. ही तिसरी पायरी माझ्या घरच्यांनी पाहिलीये. मला त्यातलं काही आठवत नाही.

आता गेल्या काही वर्षांत आधी दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आला, मग कमरेला इन्सुलिन सोडणारा पंप आला, आणि ते बघून प्रत्येकजण एकच विचारतो, म्हणजे आता शुगर कमी झाली तर मशीन आपोआप ठीक करतं ना? नाही करत. म्हणजे बरंच काही करतं पण नेमकं ते नाही करत, आणि हे मलासुद्धा घ्यायच्या आधी कोणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय.

पहिली पंधरा-एक वर्षं मला यातलं काही लागलंच नाही कारण शरीरच सांगायचं. हात थरथरायचे, घाम फुटायचा, छातीत धडधड, आणि अशी काही भूक लागायची की डब्यातला दुसऱ्याचा लाडू पण दिसायचा नाही, म्हणजे दिसायचा आणि संपायचा. मग हळूहळू हे कमी होत गेलं. थरथर गेली, मग धडधड गेली, आणि एक दिवस ऑफिसात व्यवस्थित बोलत बसलेली असताना शेजारची म्हणाली की अगं तू मगापासून तोच व्हाउचर नंबर परत परत सांगतेयस. मीटर काढलं तर ४६. मला काहीही होत नव्हतं, हेच तर भयानक होतं.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते असं. साखर खाली आणणारं इन्सुलिन आणि वर आणणारं ग्लुकागॉन दोन्ही स्वादुपिंडातच बनतं. नॉर्मल माणसाची शुगर उतरायला लागली की इन्सुलिन आपोआप बंद होतं आणि ग्लुकागॉन लिव्हरला सांगतं की साठवलेली साखर सोड. टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तर मरतातच, ते सगळ्यांना माहीत असतं, पण काही वर्षांत शुगर उतरल्यावर ग्लुकागॉन सोडायचं कामही बंद पडत जातं. पेशी असतात, ग्लुकागॉनही असतं, पण लोच्या वेळी ते बाहेर येत नाही. मग उरतं अ‍ॅड्रेनलिन, ती थरथर आणि घाम त्याचाच, आणि वारंवार लो होत राहिलं की मेंदू त्यालाही सरावतो आणि अलार्म वाजवणंच सोडून देतो. याला हायपो अनअवेअरनेस म्हणतात. चांगली बातमी एवढीच की काही आठवडे लो होऊच दिलं नाही तर ही जाणीव थोडीफार परत येते. पण लो होतंय हेच कळत नसेल तर होऊ द्यायचं नाही म्हणजे काय करायचं, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले सेन्सर लावा.

लगेच लावला नाही. खर्च होता, आणि अंगावर सतत काहीतरी चिकटलेलं लोकांना दिसणार हे पण होतं, खोटं कशाला बोलू. मग ती रात्र आली. पहाटे कधीतरी नवऱ्याला माझ्या घामाने ओली झालेली गादी लागली, हाक मारली तर मी काहीतरी बडबडत होते, मग बडबडही थांबली आणि झटके आले. त्याने आणि सासूबाईंनी मिळून गालाच्या आत साखर चोळायचा प्रयत्न केला (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, घशात जाऊ शकतं, हे त्यांना नंतर कळलं, त्या वेळी कोणाला सुचणार), अँब्युलन्स बोलावली, हॉस्पिटलात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरच, दिलं आणि मी काही मिनिटांत डोळे उघडून विचारलं म्हणे की आपण इथे का आलोय. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी भांडायच्याच बंद झाल्या, ते मात्र मला आवडलं नाही.

तर सेन्सर. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, एक अॅप्लिकेटर असतो, टक्कन आवाज येतो आणि केसाएवढी तार कातडीखाली राहते, दुखत नाही. ब्रँडप्रमाणे आठवडाभर ते दोन आठवडे चालतो. एका सेन्सरचे काही हजार जातात. नाशिकला मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते आणि पावसाळ्यात ओलीने सुटते, वरून वेगळी टेप लावावी लागते. ही सगळी किरकोळ कटकट.

खरी गोष्ट म्हणजे तो रक्तातली शुगर मोजतच नाही. कातडीखालच्या पेशींच्या मधलं जे पाणी असतं त्यातली मोजतो, आणि रक्तातला बदल तिथपर्यंत पोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असताना फरक पडत नाही, पण भराभर उतरत असताना फोनवर ८२ आणि खाली बाण दिसत असेल तेव्हा रक्तात ६० असू शकते. म्हणून मी आकड्यापेक्षा बाण बघायला शिकले. आणि उलटं पण होतं, लो ट्रीट केल्यावर रक्तात शुगर वर आलेली असते पण सेन्सर अजून खालीच दाखवत असतो, मग माणूस घाबरून अजून खातो आणि तासाभराने २८०. त्या वेळी बोटाला टोचून बघायचं, सेन्सरवर जायचं नाही.

दुसरी एक गंमत कोणी सांगत नाही. ज्या कुशीवर सेन्सर त्याच कुशीवर झोपलं की दाब पडून तिथलं पाणी बाजूला होतं आणि सेन्सर खोटा लो दाखवतो. पहिल्या आठवड्यांत आमच्या घरी हेच चाललेलं, रात्री दोन वाजता फोन किंचाळतोय, नवरा ग्लुकॉन डी चा डबा घेऊन धावतोय, सासूबाई दारात उभ्या, आणि मी मात्र ठणठणीत बसून बोटाला टोचतेय तर ११०. ग्राफवर ते ओळखू येतं, खरा लो उताराने येतो आणि हा एकदम खड्ड्यासारखा पडतो, कूस बदलली की पुन्हा वर. पण हे कळायला वेळ गेला आणि तोपर्यंत सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालं. शेवटी सेन्सर डाव्या दंडावर आणि झोपायचं उजव्या कुशीवर असं ठरवलं.

सासूबाईंच्या फोनवर फॉलोअर अॅप, म्हणजे माझी शुगर त्यांना दिसेल असं, टाकून दिलं कारण दिवसा घरी त्या असतात आणि नवरा सिन्नरला एमआयडीसीत. मला वाटलेलं त्या कंटाळतील. उलट मी ऑफिसात असताना फोन यायला लागले, "अगं, तुझा बाण खाली चाललाय, काहीतरी खा." मिटिंग चालू असताना. मग त्यांच्याकडे ७५ ला नाही तर ६५ लाच वाजेल असं सेटिंग केलं. त्यांचा आणि माझा एक वाद मात्र बरेच दिवस चालला, तो पेढ्याचा. त्यांचं म्हणणं साखर कमी झाली तर पेढा दे, चांगला घरचा खवा, ताकद येईल. मी म्हणायचे अहो आई, पेढ्यात तूप-खवा, ते पोटात पचायला वेळ घेतं, साखर उशिरा चढते, लोला नुसती साखर लागते, पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकॉन डी, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, ७० च्या वर नसेल तर परत पंधरा ग्रॅम. चॉकलेटचं पण तेच. आता स्वयंपाकघरात एक छोटी स्टीलची डबी आहे, त्यात मोजून पुड्या बांधून ठेवल्यात त्यांनीच, आणि पेढा वर आल्यावर मिळतो, तडजोड म्हणून.

मधेच एक सांगायचं राहिलं. या काळात एका नातेवाइकांनी प्रेमाने एक घड्याळ आणून दिलं, न टोचता शुगर सांगणारं, ऑनलाइन घेतलेलं, म्हणे कशाला ती दंडावर सुई. मी ते मनगटावर बांधलं, आकडा आला. मग दुधी भोपळ्यावर बांधलं, तरी आकडा आला, भोपळ्याची शुगर माझ्यापेक्षा कंट्रोलमध्ये होती. हसण्यावारी गेलं पण हे प्रकरण धोक्याचं आहे, अमेरिकेत औषधं-उपकरणं पास करणाऱ्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड सांगितलं की कातडीला न टोचता स्वतः शुगर मोजतो म्हणणाऱ्या एकाही स्मार्टवॉच किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा नुसता आरशासारखा घड्याळावर दिसणं वेगळं, ते चालतं. त्याच्या आधी २००१ मध्ये ग्लुकोवॉच नावाचं एक खरंखुरं मान्यता मिळालेलं मनगटी यंत्र आलं होतं, ते कातडीतून हलका करंट सोडून पाणी ओढायचं, कातडी लाल व्हायची, आणि घाम आला की रीडिंग गाळायचं. लोचं एक ठळक लक्षणच घाम, बोला आता.

सेन्सरने मला कळायला लागलं, पण कळणं आणि उठणं यात फरक आहे. गाढ झोपेत ६० च्या आसपास असताना अलार्म मला स्वप्नात ऐकू यायचा, खरंच, स्वप्नात कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजतोय आणि मी वैतागतेय. नंतर वाचलं की सिअ‍ॅटलच्या डॅना लुईस यांचं पण असंच होतं, त्यांना सेन्सरचा अलार्म झोपेत ऐकूच यायचा नाही, म्हणून २०१३ च्या सुमारास त्यांनी आधी नुसता मोठा अलार्म बनवला आणि त्यातून पुढे वाढत वाढत स्वतः इन्सुलिन कमीजास्त करणारी घरगुती सिस्टिम झाली, ओपनएपीएस, ती त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली. एक बाई झोपेत उठत नाही म्हणून इतकं सगळं झालं हे वाचून मला फार बरं वाटलं. मला घरगुती सिस्टिमचं धाडस नव्हतं, त्यामुळे पंप.

पंपाचं आधी गणित सांगते. काही लाख रुपये एकदम, वर दर महिन्याचे रिझर्व्हॉयर (इन्सुलिन भरायची छोटी टाकी), ट्यूब, सेन्सर. मेडिक्लेमने माझ्या केसमध्ये बाहेरच्या बाहेर वापरायच्या वस्तू म्हणून हात वर केले. एफडी मोडली. यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

पंप म्हणजे कमरेला छोट्या मोबाइलएवढी डबी, त्यातून बारीक नळी, पोटावर एक कॅन्युला, म्हणजे कातडीखाली राहणारं नळीचं टोक, दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन जात राहतं आणि जेवताना बटण दाबून जास्तीचं द्यायचं. शिकवायला कंपनीची एक मुलगी घरी येऊन बसायची, तिला सगळ्यात अवघड प्रश्न सासूबाईंनी विचारला की साडीत हे कुठे ठेवायचं. ती बिचारी जीन्सवाली, तिच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी परकराला आतून एक खिसा शिवला, नळी निऱ्यांच्या बाजूने, आणि हळदीकुंकवाला ओटी घेताना वाकलं तरी ओढलं जात नाही असं जमवलं.

लोच्या बाबतीत पंपाचं काम काय, तर थांबणं. सेन्सर पंपाशी बोलतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात शुगर खालच्या मर्यादेजवळ जाणार असं त्याला वाटलं की तो आधीच इन्सुलिन बंद करतो, आणि वर यायला लागली की परत चालू. सगळ्यात पहिल्या पिढीत इतकं पण नव्हतं, युरोपात २००९ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीचा जो व्हीओ पंप आला तो शुगर खाली गेल्यावर थांबायचा, अमेरिकेत तसा पंप २०१३ मध्ये आला. त्या वर्षी छापून आलेल्या अभ्यासात नुसत्या या थांबण्याने रात्रीचे लो ३२ टक्क्यांच्या आसपास कमी झाले होते. माझंही तसंच झालं म्हणायला हरकत नाही, रात्रीचे लो खूप कमी झाले, सकाळी उठल्यावर हिस्टरीत बघायचं तर पहाटे तीन ते चार पंप थांबलेला, आणि मला पत्ताच नाही, झोप अखंड. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून दाखवलं, तो म्हणाला मशीनने झोपू दिलं तर तू कशाला उठवतेस.

पण. जेवणाचं इन्सुलिन एकदा आत गेलं की गेलं, ते चार-पाच तास काम करत राहतं, पंप ते परत ओढून घेऊ शकत नाही. कसारा घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला म्हणून गाडी थांबते का, तसंच आहे हे. भाताचा अंदाज धरून इन्सुलिन घेतलं आणि मग फोन आला, भांडण झालं, पाहुणे आले आणि जेवण अर्ध्यावर राहिलं, किंवा संध्याकाळी गंगापूर रोडला जास्तच चालणं झालं, तर पंप बिचारा थांबून बसलेला असतो आणि शुगर मात्र खाली चाललेलीच. तो वाजतो, थरथरतो, अजून जोरात वाजतो. साखर तोंडात घालायचं काम माणसाचंच. आणि माणूस ते करायच्या अवस्थेत नसेल तर दुसऱ्या माणसाचं. म्हणजे इतके लाख खर्च करून परत सासूबाईंची स्टीलची डबीच.

मला हे कळल्यावर थोडा राग आला होता. शरीरात दोन गोष्टी होत्या, एक खाली आणणारी आणि एक वर आणणारी, दोन्ही गेल्या, आणि अंगावर घालायला मिळते ती फक्त खाली आणणारी. वर आणणारीचा पत्ता नाही. असं का, म्हणून मी डॉक्टरांकडच्या डायबेटीस एज्युकेटर मॅडमना विचारलं, मग डॉक्टरांना छळलं.

उत्तर म्हणजे ग्लुकागॉन हे फार नाजूक प्रकरण आहे. ते सापडलं १९२३ मध्ये, इन्सुलिननंतर लगेचच, पण पाण्यात विरघळवलं की टिकत नाही, त्याचे धागे-धागे होऊन गुठळतं. इन्सुलिन बाटलीत महिनाभर वापरता येतं तसं याचं नाही. म्हणून वर्षानुवर्षं ते किटमध्ये मिळत आलं, एका कुपीत पावडर आणि एका सिरिंजमध्ये पाणी, ऐन वेळी मिसळायचं आणि द्यायचं. आता परदेशात २०१९ पासून बाक्सिमी नावाची नाकात मारायची पावडर आहे, ३ मिलिग्रॅम, माणसाने श्वास ओढायची पण गरज नाही, आणि त्याच वर्षी जीव्होक नावाच्या तयार पेनला मान्यता मिळाली ज्यात पाण्याऐवजी दुसरं द्रावण वापरून ते टिकवलंय. माझ्या केमिस्टकडे दोन्ही नाहीत. साधं किट सुद्धा त्याने मागवून द्यायला बरेच दिवस लावले, आधी तर त्याला नावच नीट लिहून द्यावं लागलं, तो ग्लुकॉन डी काढून दाखवत होता.

किट आलं तेव्हा घरात ट्रेनिंग ठेवलं. रविवार, चहा, नवरा, सासूबाई, माझा दहावीतला भाचा, आणि टेबलावर एक बटाटा. पाणी कुपीत सोडायचं, हलवायचं नाही फक्त गोल फिरवायचं, पावडर पूर्ण विरघळून स्वच्छ झाली की सगळं सिरिंजमध्ये ओढायचं, मांडीत द्यायचं, कपड्यावरून दिलं तरी चालतं. मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम, लहान मुलांना अर्धं. मग कुशीवर वळवून ठेवायचं कारण शुद्धीवर येताना उलटी होते. दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध आली नाही तर वाट बघत बसायचं नाही, अँब्युलन्स, खरं तर इंजेक्शन देतानाच फोन लावायचा. आणि शुद्ध आली, गिळता यायला लागलं की खायला द्यायचं, कारण लिव्हरने सोडलेली साखर किती वेळ पुरणार. अजून एक म्हणजे निर्जळी उपास करून बसलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसात हे नीट चालत नाही, लिव्हरमध्ये साठाच नसतो किंवा लिव्हर दुसऱ्या कामात असतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग तुझी निर्जळी एकादशी बंद." मी अशीही करत नव्हते, त्यांना दाखवायला नुसतं वरईचे तांदूळ खायचे, पण आता ऑफिशियल झालं.

सरावासाठी खरं किट फोडायचं नव्हतं म्हणून इन्सुलिनची रिकामी सिरिंज आणि पाणी. भाच्याला सगळ्यात आधी जमलं. नवऱ्याचा हात थरथरत होता, बटाट्याला टोचताना, आणि मला तेव्हा त्या पहाटेची त्याची अवस्था पहिल्यांदा नीट कळली असं वाटलं. सासूबाईंनी चष्मा लावून प्रत्येक स्टेप मराठीत मोठ्या अक्षरात लिहून तो कागद फ्रिजवर लावला.

आता अंगावर घालायचं वर आणणारं मशीन. ते अजिबातच नाहीये असं नाही. नेदरलँड्समध्ये गोर नावाच्या छोट्या गावात रॉबिन कूप्स नावाचे गृहस्थ आहेत, स्वतः टाइप वन, त्यांनी इनरेडा नावाची कंपनी काढून असा पंप केला ज्यात इन्सुलिन आणि ग्लुकागॉन दोन्ही आहेत, २०२० मध्ये त्याला युरोपची सीई मान्यता, म्हणजे तिथे विकायची परवानगी, मिळाली. तिकडे अमेरिकेत बोस्टन युनिव्हर्सिटीचे एड डमियानो, त्यांचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना त्याला टाइप वन निघालं, आणि त्यांनी ठरवलं की हा कॉलेजला जाईपर्यंत मी असं यंत्र करणार की रात्री आम्हाला उठावं लागणार नाही. त्यांचा आयलेट पंप २०२३ मध्ये एफडीएने पास केला, पण नुसत्या इन्सुलिनसाठी. मुलगा तर कधीच मोठा झाला. दोन औषधांचा पंप म्हणजे दोन कॅन्युला, दोन रिझर्व्हॉयर, आणि ग्लुकागॉन टिकवायची तीच जुनी अडचण, मला ते कमरेला पेलवेल का माहीत नाही, परकराला दुसरा खिसा शिवावा लागेल.

मला स्वतःला जास्त आशा वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. २०२५ मध्ये एमआयटीच्या लोकांनी एक नाण्याएवढं यंत्र दाखवलं, कातडीखाली बसवायचं. त्यात ग्लुकागॉन पावडर स्वरूपातच भरलेलं, म्हणजे टिकण्याचा प्रश्न कमी, आणि वर एका अशा धातूचं झाकण जो तापवला की वाकतो. शुगर खाली गेली की वायरलेस सिग्नल, झाकण वाकतं, पावडर आत सुटते. सिग्नल बाहेरून बटणाने पण देता येतो आणि सेन्सरशी जोडून आपोआप पण करता येईल. डायबेटीस असलेल्या उंदरांमध्ये दहा मिनिटांच्या आत शुगरची घसरण थांबली, आणि बसवल्यावर चार आठवड्यांनी, भोवती शरीराने स्वतःचं जाळं विणल्यावर सुद्धा ते चाललं. माणसांवरच्या चाचण्या तीनेक वर्षांत सुरू करायचा विचार आहे असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. हे पंपाच्या जागी नाही, हे फक्त त्या एका रात्रीसाठी आहे, जेव्हा घरात कोणी नाही किंवा कोणाला जाग आली नाही. मला रोजच्या लोसाठी मशीन नकोच आहे, तीन चमचे साखर स्वस्त आहे आणि चांगली लागते. मला ती तिसऱ्या पायरीवरची मदत अंगावर हवीये.

उंदरांना मिळालं म्हणून मी भाच्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला मावशी, हॅक झालं तर? चांगला प्रश्न आहे. पण मी एकटी लॉजवर राहते तेव्हा काय करते ते त्याला माहीत नाही. ऑडिटसाठी कधी धुळ्याला, कधी जळगावला जावं लागतं, तिथे रात्री झोपताना मी मुद्दाम शुगर १८० च्या वर ठेवते, पंपाचं टार्गेट वर करते, अलार्म ८५ ला लावते, फोन चार्जरला, आवाज फुल, आणि नवऱ्याला सांगून ठेवते की ७० च्या खाली गेलेलं दिसलं आणि मी फोन उचलला नाही तर लॉजच्या काउंटरला फोन कर. काउंटरवरच्या माणसाला आधीच जाऊन सांगते, दादा, मला शुगरचा त्रास आहे, रात्री फोन आला तर दार उघडून बघा. ते काय समजतात देव जाणे, एकाने मला रात्रभर चहाला पण विचारलं नाही साखर नको म्हणून.

ऑफिसात मात्र आता बरं आहे. आमचे शिपाई मामा, त्यांना एकदाच सांगितलं की मी तेच तेच बोलायला लागले किंवा उगाच चिडले तर आधी साखरपाणी द्या, मग विचारा. गेल्या महिन्यात मी खरंच चिडले होते, एका खातेदाराने खोटी सही आणलेली, आणि मामा ग्लास घेऊन उभे. मी म्हणलं मामा, शुगर १६० आहे, मी खरी चिडलेय. ते म्हणाले, "घ्या तरी."

पंपाचा हिशोब सध्या असा की डॉक्टरांनी टार्गेट १२० वर ठेवलंय, बरेच महिने खाली जाऊ दिलं नाही, आणि थोडी थरथर परत यायला लागलीये. ६५ ला हात कापतात. लोकांना विचित्र वाटेल पण मी त्या थरथरीने खूश आहे. फ्रिजवरच्या कागदाखाली सासूबाईंनी किटची एक्सपायरी लाल पेनाने लिहिलीये, दिवाळीच्या आधी संपतेय, केमिस्टला आत्ताच सांगून ठेवलंय की नाव तेच, ग्लुकॉन डी नाही.